मदत हवी आहे: 'इंटरेस्ट'चं लॅटिन मूळ (तातडीचं)

घाईत_आहे:
इंटरेस्ट या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थ कोणी सांगेल का? मी 'रस' लिहिलं होतं, ते लाल रेघ मारून परत आलंय. शब्दकोश पाहून झालाय, तेव्हा कृपया तो सुचवू नका. आज रात्री द्यायचंय.

कोरी_पाटी:
कुठे 'रस' लिहिलं होतं? वाक्य द्या.

गणितमास्तर:
चक्रवाढ असेल तर सोपी युक्ती सांगतो. 72 ला दराने भागा, साधारण तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. 8 टक्क्यांना 9 वर्षं.

घाईत_आहे:
@गणितमास्तर, रक्कम दुप्पट नाही करायची हो. मूळ अर्थ हवाय.

जुनीवही:
लॅटिनमध्ये 'इंतर' म्हणजे मध्ये आणि 'एस्से' म्हणजे असणे. दोन्ही मिळून 'इंतरेस्से', मध्ये असणे. त्यावरून फरक पडणे, संबंध असणे. 'इंतरेस्त' हे त्याच क्रियापदाचं रूप: 'फरक पडतो'. कुतूहल, गोडी हा अर्थ इंग्रजीत पार अठराव्या शतकात आला. म्हणजे तुमचा 'रस' या घरातला सगळ्यात धाकटा.

देवभाषा:
अंतर् + अस्ति! सरळ संस्कृत आहे. लॅटिनवाल्यांनी आपल्याकडूनच उचललं.

जुनीवही:
उचललं नाही. 'इंतर' आणि 'अंतर्', 'एस्त' आणि 'अस्ति' या जोड्या बरोबर आहेत, पण संस्कृत आणि लॅटिन या बहिणी, मायलेकी नव्हेत. भाषापंडित विल्यम जोन्स 1786 मध्ये हेच म्हणाला होता, की दोन्ही कुठल्या तरी एकाच, कदाचित आता न उरलेल्या भाषेतून आल्या असाव्यात.

देवभाषा:
जोन्स म्हणाला म्हणजे झालं का? असो, तुमचं चालू द्या.

तिसरी_बाजू:
मग व्याज कुठून आलं, हे कोणीच सांगत नाहीये. खरी गंमत तिथे आहे. रोमन लोक व्याजाला 'उसुरा' किंवा 'फेनुस' म्हणत, इंतरेस्से नाही. पुढे चर्चने उसुरा पाप ठरवलं. 1179 च्या लॅटरन परिषदेने तर उघड सावकारी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. पण ऋणकोने मुदत चुकवली आणि धनकोचं नुकसान झालं, तर भरपाई मागायला हरकत नव्हती. पैसे वेळेवर मिळाले असते तर जी स्थिती असती आणि आज जी आहे, त्या दोन्हींच्या 'मध्ये असलेला' फरक म्हणजे इंतरेस्से. रोमन कायद्यात भरपाईसाठी 'इद क्वोद इंतरेस्त' हा शब्दप्रयोग आधीपासून होताच. हळूहळू नाव भरपाईचं आणि कमाई व्याजाची असा प्रकार रुळला. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने 1545 मध्ये 10 टक्क्यांपर्यंत मुभा दिली, 1552 मध्ये ती गेली, 1571 मध्ये परत आली.

अवांतर: संस्कृतात 'व्याज' म्हणजे बहाणा, कपट. व्याजस्तुती अलंकार शाळेत केला असेलच. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेले शब्द, आणि दोघांच्याही पोटात बहाणा!

कोरी_पाटी:
म्हणजे 'निर्व्याज प्रेम' हे बिनव्याजी नाही? मी आजवर तसंच समजत होतो.

तिसरी_बाजू:
नाही. निष्कपट.

गणितमास्तर:
सॅलरी शब्द मिठावरून आलाय. रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा.

जुनीवही:
मास्तर, 'सालारिउम'मध्ये मीठ आहे, हे ठीक. पण पगार म्हणून मीठच हातावर ठेवत, याला प्राचीन पुरावा नाही. आणि धागा इंटरेस्टचा आहे.

कोरी_पाटी:
धागाकर्ते, वाक्य!! दुसऱ्यांदा विचारतोय.

घाईत_आहे:
ओह, सॉरी. करारातलं आहे. 'डिरेक्टर्स शॅल डिस्क्लोज एनी इंटरेस्ट इन द ट्रान्झॅक्शन'. मी लिहिलं: 'संचालकांनी व्यवहारात रस असल्यास तो उघड करावा.'

कोरी_पाटी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये दिलं असतंत तर रोमपर्यंत जावं लागलं नसतं. इथे 'हितसंबंध'. संचालकाला व्यवहाराची आवड आहे का हे कोण विचारतंय? त्यातून त्याचा फायदा-तोटा होणार असेल तर त्याने सांगायचं आहे. 'डिसइंटरेस्टेड'चंही असंच: चांगल्या इंग्रजीत त्याचा अर्थ निःस्वार्थी, तटस्थ. कंटाळलेला नव्हे.

जुनीवही:
आणि 'हितसंबंध' लॅटिनच्याही जवळचा आहे. संबंध असणे, फरक पडणे.

कोरी_पाटी:
लॅटिनने नाही, वाक्याने ठरलं.

घाईत_आहे:
हितसंबंध टाकला. धन्यवाद. पण पुढच्याच पानावर 'इंटरेस्ट ऑन डिलेड पेमेंट' आहे. तिथे पण हितसंबंधच का?

तिसरी_बाजू:
अहो, नाही! तिथे व्याज. उशिराची भरपाई, वर लिहिलेली तीच. प्रतिसाद वाचता की नाही?

गणितमास्तर:
दर किती आहे?