फेदेरिको आणि व्होल्तेरा

पंधराव्या शतकात इटलीतल्या उर्बिनोवर राज्य करणाऱ्या फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोनं पगारावर लढाया मारल्या, पण तो पैसा उर्बिनोच्या राजवाड्यात आणि ग्रंथालयात घातला, म्हणून तो इतर भाडोत्री सेनापतींपेक्षा वेगळा, आणि त्याची पुस्तकं पगारातून आली, लुटीतून नाही, असं काहीजण म्हणतात. पैशाचं पटतं. पण पुस्तकं पगारातून आली आणि लढाईशी त्यांचा संबंध नाही, हे मात्र मान्य नाही. १४७२ साली इटलीतल्याच व्होल्तेरा या गावात जे घडलं, ते या चर्चेत यायलाच हवं. तिथल्या तुरटीच्या खाणीवरून फ्लोरेन्सशी तंटा झाला (कापडाचा रंग पक्का बसवायला तुरटी लागायची, म्हणजे फ्लोरेन्सच्या पोटापाण्याचाच प्रश्न), आणि फ्लोरेन्सची सत्ता हाती असलेल्या लोरेन्झो मेदिचीनं हे गाव नमवायला फेदेरिकोला बोलावलं. जीविताची आणि मालमत्तेची हमी घेऊन गावानं दरवाजे उघडले, तरी सैन्यानं ते धुऊन नेलं. फेदेरिकोनं सैनिकांना आवरायचा प्रयत्न केला असं त्याचे चाहते सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण त्या लुटीतला एक ऐवज थेट त्याच्याच ग्रंथालयात पोचला.

तो म्हणजे व्होल्तेराच्या एका ज्यू कुटुंबाकडचं हिब्रू बायबल. १३व्या शतकाच्या अखेरीस हातानं लिहिलेलं, चित्रांनी सजवलेलं, एकट्या माणसाला सहज उचलता येऊ नये एवढं अवाढव्य. शिवाय व्होल्तेरा नमवल्याबद्दल फ्लोरेन्सनं फेदेरिकोला चांदीचं शिरस्त्राण भेट दिलं. बायबल आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. १६५७ साली पोप सातव्या अलेक्झांडरनं उर्बिनोची हस्तलिखितं रोमला हलवली, त्यात तेही गेलं.