बागेच्या सर्वेक्षणात सगळेच ‘छान’ म्हणतात, काय करू?

प्रश्न: सार्वजनिक उद्यानाचं काम बघतो. गेटवर फॉर्म भरून घेतले, उद्यानात काम करणाऱ्या भागीदार संस्थांनाही तोच द्यायचा विचार आहे. गेटवर बहुतेकांनी ५ पैकी ५ दिले. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर खडूने शिव्या!

उत्तर १: विचारलं कोणी? गणवेशातल्या रखवालदाराने? मग छानच म्हणणार. शिवाय सकाळचे फिरणारेच सापडले असतील. वार-वेळा बदला, दर दहाव्या माणसाला थांबवा. असे ३८५ फॉर्म झाले की ९५ टक्के विश्वासपातळीला (म्हणजे असं सर्वेक्षण १०० वेळा केलं तर साधारण ९५ वेळा) टक्केवारीतली चूक साधारण ५ टक्क्यांत राहते.

उत्तर २: भागीदार संस्थांना तोच फॉर्म नको. झाडं लावणाऱ्या मंडळाला बाकांचं काय विचारता? परवानगीचं पत्र किती दिवसांनी मिळतं ते विचारा. तेही निनावी, नाहीतर पुढचं पत्र अडेल म्हणून गप्प बसतील.

प्रश्नकर्ता: रखवालदारच होता हो. वर फॉर्मवरच्या खुणाही स्वतःच करत होता!