फोटोत मागे काय दिसतंय?

आईचं लोखंडी कपाट आवरताना परवा एक फोटो सापडला. १९७४ सालचा, सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजात काढलेला. मी आणि थोरला भाऊ उंबऱ्यावर बसलोय. मी परकर-पोलक्यात, त्याच्या हातात लगोरीचा चेंडू. धाकटा यात का नाही, ते काही केल्या आठवेना. फोटो मामाच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीचा. एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, त्यामुळे मामा आम्हाला पाच-पाच मिनिटं हलू न देता बसवून ठेवायचा आणि मगच खटका दाबायचा.

इतकी वर्षं या फोटोत मी फक्त आमचे चेहरे बघत होते. परवा पहिल्यांदा मागे बघितलं. दाराच्या फळीवरचे मोठे खिळे, वर विजेचा मीटर, चौकटीवर खडूने ओढलेल्या उभ्या रेघा (गवळ्याच्या रतिबाच्या असणार), आणि अगदी उजव्या कडेला, बोळाच्या तोंडाशी, एक दगडी खांब. वाडा १९९६ मध्ये पाडला. आता तिथे पाच मजली इमारत आहे, दिंडी होती तिथे गाड्या लागतात. सहा बिऱ्हाडं, चौकातला आड, जिन्याखालची कोळशाची अंधारी खोली, यातलं काहीच कुणी मुद्दाम टिपून ठेवलं नाही. जे फोटोत आलं ते आमच्या पाठीमागे आपसूक आलं.

म्हणून हे आवाहन. पुण्यातल्या तुमच्या लहानपणच्या आळीचा, गल्लीचा, वस्तीचा जुना फोटो काढा आणि त्यात मागे काय दिसतंय ते लिहा. साल लिहा, फोटो कुठे उभं राहून काढलाय तेही लिहा. फोटो नसेल तरी लिहा. तुमचं आलेलं लिखाण इथेच खाली लावत जाते.

कसबा पेठ, तांबट आळी

आजोबांचा एकच फोटो आहे, काम करतानाचा. मांडीशी घंगाळ, हातात हातोडी. मागे भिंतीला टेकून तीन बंब उभे आहेत. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे तांब्याचा रंग नाही, पण मठारलेल्या प्रत्येक ठोक्यावर उजेडाचा एक ठिपका पडलाय. रांगेने, एकमेकाला खेटून, वळणाबरोबर वळत गेलेले ठिपके. माझे वडील हा फोटो हातात घेऊन सांगायचे की मधला बंब आजोबांचा, कडेचे दोन दुसऱ्या हाताचे, कारण त्यांचे ठिपके विरळ आहेत. मला तेव्हा फरक दिसायचा नाही. आता दिसतो.

आम्ही त्या ठोक्यांतच अभ्यास केला, त्यातच दुपारी झोपलो. सुट्टीत मावशीकडे सांगलीला गेलं की तिथल्या शांततेत झोप लागायची नाही.

नारायण पेठ, नदीकडची बाजू

आमच्या घरात १९६१ च्या आधीचा फोटो एकच आहे आणि तोही घरात नव्हता म्हणून वाचला.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी नऊ वर्षांचा होतो. पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला धरणाची भिंत गेली. वडिलांनी आम्हाला आईबरोबर पर्वतीकडे पिटाळलं आणि स्वतः आजीला पाठीवर घेऊन मागून आले. आईने निघताना देव घेतले, पितळी डबा घेतला. फोटोंची पेटी माळ्यावर होती. माळ्यावर पाणी कशाला चढतंय, असं तिला वाटलं. माळा तर गेलाच, त्याखालची भिंतही गेली. मातीच्या भिंती त्या, पाण्यात बसल्या त्या बसल्याच. पाणी ओसरल्यावर आलो तेव्हा चौकात माझ्या कमरेइतका चिखल होता आणि आपलं दार नेमकं कुठलं, तेच कळेना.

पुढे काही महिने निसन हटमध्ये काढले. अर्धगोल पत्र्याची खोली, उन्हात तापायची, पावसात आतलं बोलणं ऐकू यायचं नाही.

दोन वर्षांनी नागपूरच्या आत्याने एक पाकीट पाठवलं. माझ्या मुंजीचा फोटो तिला कधीतरी टपालाने गेला होता, तो तिने परत पाठवला. त्यात मी हसत नाहीये, डोक्यावर टोपी आहे. मागे आमची ओसरी, झोपाळ्याची एक कडी आणि खुंटीला वडिलांची छत्री. आई तो फोटो घेऊन बसली आणि बराच वेळ फक्त म्हणत राहिली, "ही बघ कडी. ही बघ."

भवानी पेठ

वरचं सगळं मन लावून वाचलं. पण पुण्यातलं लहानपण म्हटलं की वाडा, चौक, झोपाळा एवढंच पुढे येतं. आमचं घर दहा बाय दहाचं होतं आणि त्याचा एकही फोटो नाही, कारण आमच्या चाळीत कुणाकडेच कॅमेरा नव्हता.

जो आहे तो स्टुडिओतला, १९७९ सालचा. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं आणि दोन हंस. आम्ही तिघी बहिणी त्या तळ्यापुढे उभ्या. धाकटीच्या पायात सँडल आहेत, ते शेजारच्या काकूंच्या मुलीचे. पायाला मोठे होत होते म्हणून आईने पट्ट्याला सुईने आणखी एक भोक पाडून घट्ट केले. नीट बघितलं तर पट्ट्याचं उरलेलं टोक बाहेर लोंबताना दिसतं. फोटो झाल्या झाल्या आईने ते काढून पदराने पुसले आणि पिशवीत ठेवले.

मागे हंस आहेत, म्हणून खरं काय होतं ते मीच लिहून ठेवते. टिंबर मार्केटमधून येणारा ओल्या लाकडाचा वास. पहाटे नळावर लावलेल्या हंड्यांची रांग, आणि कुणाचा हंडा कुठला हे पोच्यावरून ओळखायचं. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री वडील पांढरा सदरा निळीत बुडवून दोरीवर टाकायचे आणि सकाळी आम्हाला खांद्यावर घेऊन स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे न्यायचे. तो सदरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

भानुविलासजवळ

फोटोत मी नाहीच, सायकली आहेत. टॉकीजबाहेर लावलेल्या, हँडलला हँडल अडकलेल्या सायकली. काकांनी नव्या कॅमेऱ्याची चाचणी म्हणून गॅलरीतून काढलेला फोटो. रात्रीचा शेवटचा खेळ सुटला की एकदम शे-दीडशे घंटा वाजायच्या आणि आई म्हणायची, चला, झोपा आता.

सदाशिव पेठेतल्या ताईंसाठी

तुमच्या फोटोतला तो दगडी खांब बहुधा उच्छ्वास असावा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, ते जमिनीखालच्या बांधीव नळातून. त्या नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून ठिकठिकाणी असे पोकळ खांब उभारले. काळा हौद त्याच पाण्याचा. कुठेही पंप नाही, निव्वळ उतार. लहानपणी आम्ही अशा खांबाला कान लावायचो, आत पाणी ऐकू येतं म्हणून. तुमचा बोळ बाजीराव रस्त्याच्या बाजूला उघडत असेल तर शक्यता जास्त. रविवारी सकाळी मी येऊ शकतो, फोटो घेऊन जाऊन बघू.

एक विनंती

जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटले असतील तर ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. माझ्या आजीचा चेहरा असा गेला. काचेसकटच त्याचा कॅमेऱ्याने नवा फोटो घ्या, उजेड तिरका घ्या म्हणजे चमक येत नाही. आणि मागच्या बाजूला नावं लिहाल तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन पुढून उमटतं.

पुन्हा सदाशिव पेठ

खांबाबद्दल फार फार आभार. बोळ बाजीराव रस्त्यालाच निघतो. रविवारी नक्की भेटू.

काल फोटो आईला दाखवला. रतिबाच्या रेघा म्हटल्यावर तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "गवळ्याच्या कुठल्या? धाकट्याला मुदतीचा ताप आला होता. तुझी आजी रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की चौकटीवर एक रेघ ओढायची. एकविसाव्या दिवशी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी मामा आला आणि त्याने तुमचा फोटो काढला. धाकटा आत निजला होता. मोज, एकवीस भरतील."

भिंग घेऊन दोनदा मोजल्या. अठरा दिसतात. बाकीच्या तीन माझ्या डोक्यामागे आहेत.