कोमट पाण्यातल्या रीफवर पहिल्यांदा डाइव्ह: सूट, वजनं आणि लवकर संपणारी हवा

निळाशार:
नमस्कार मंडळी. ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालाय, पण तो गोड्या पाण्याच्या थंडगार तलावात, ५ मिमीचा सूट घालून. आता पहिल्यांदाच कोरल रीफवर जायचंय, पाणी २८ डिग्री आहे म्हणे. मग सूट लागतो का टी-शर्टवर भागतं? ग्लोव्हज घेऊ का? आणि मुख्य प्रॉब्लेम म्हणजे माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते, बडीचे (जोडीदाराचे) टाकीत १०० बार (हवेचा दाब) शिल्लक असतात तेव्हा माझा काटा ५० वर, लाज वाटते राव.

तळठाव:
सूट घ्याच. २८ ऐकायला गरम वाटतं पण अंग ३७ चं आणि पाणी हवेच्या वीसेक पट वेगाने उष्णता ओढतं, त्यामुळे सकाळी मजेत असलेला माणूस दुपारच्या डाइव्हला कुडकुडतो. ३ मिमी पुरे. फायर कोरल घासलं तर जी आग होते त्यापासूनही वाचाल. ग्लोव्हज नकोत. ते घातले की हात आपसूक कोरलवर टेकतो, बऱ्याच मरीन पार्कात बंदीच आहे.

हवेचं म्हणाल तर वजनं (बुडायला लावतो ती शिशाची) कमी करा, नवीन लोक हमखास जास्त लादून घेतात.

खारटपणा:
थांबा थांबा, सरसकट कमी करू नका! गोड्या पाण्यातून खाऱ्यात आलं की तुम्ही जास्त तरंगता, माणूस आणि सामान मिळून १०० किलो असेल तर अडीच किलो वजन वाढवावं लागतं. उलट सूट पातळ झाला म्हणून काही किलो कमी होतात. दोन्हीचा हिशोब कुठे बसेल ते घरबसल्या कोणी सांगू शकत नाही, तिथे पाण्यात उतरल्यावर बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) पूर्ण रिकामा करून नॉर्मल श्वास धरून बघा, पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. टाकी भरलेली असेल आणि अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आणखी साधारण दोन किलो ठेवा, रिकामी होता होता ती हलकी होते आणि नेमकं ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना थोडा वेळ थांबतो तिथे) तुम्ही बुचासारखे वर जाता.

तळठाव:
हो, खाऱ्या पाण्याचं बरोबर आहे, ते लक्षात नाही घेतलं.

निळाशार:
हे कोर्सला एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं, थँक्यू. पण खोल किती जाऊ? सर्टिफिकेट १८ मीटरचं आहे, सगळं वापरून घ्यावं असं वाटतं.

संथलाट:
कशाला? १० मीटरवर दाब २ बार, २० वर ३ बार, म्हणजे तोच श्वास तिथे दीडपट हवा खातो. तुमची हवा आधीच पळतेय. शिवाय रीफवर रंग वरच आहेत, लाल तर पहिल्या काही मीटरमध्येच विझत जातो आणि खाली सगळं निळं-करडं. ८-१० मीटरवर एकाच कोरलच्या गठ्ठ्यापाशी, न टेकता, हात बांधून तरंगत राहा. पॅरटफिश कोरल कुरतडताना कटकट ऐकू येते, मग तोच मासा मागून पांढऱ्या वाळूचा ढग सोडतो (त्या सुंदर बीचची बरीचशी वाळू अशीच बनते, आता बसा तिथे टॉवेल टाकून). हातपाय हलले नाहीत की श्वास आपोआप लांबतो, वेगळी युक्ती काही नाही. फक्त श्वास रोखून हवा वाचवायला जाऊ नका, वर येताना फुफ्फुस फाटू शकतं.

खारटपणा:
एक राहिलंच. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असेल आणि पाठीवरचा काटा उभा करून अंगावर आला तर वर पळू नका, त्याचा इलाका वरच्या बाजूला रुंद होत जातो. आडवं सरका, फिन्स (पायातले पंख) त्याच्याकडे ठेवून, चावू दे फिन्सला.

निळाशार:
हे वाचून आता जास्तच टेन्शन आलंय 😅 परतीचं विमान शेवटच्या डाइव्हच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचं आहे, चालेल ना?

संथलाट:
नाही. बरेच डाइव्ह केल्यावर किमान १८ तास थांबायचं असतं. शेवटच्या दिवशी स्नॉर्केल करा नाहीतर तिकीट बदला.