मदत हवी आहे: राउडी, बॉइस्टरस की अनरूली, सोसायटीच्या नोटीसमधे काय लिहू?
ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीत सगळ्या राज्यांतली माणसं म्हणून नोटीस इंग्लिशमधे काढावी लागते, आणि सेक्रेटरी साहेबांनी ड्राफ्टमधे पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत) क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना सरळ राउडी लिहून टाकलंय. आया जाम भडकल्यात. एका बंगळुरूच्या ताई म्हणाल्या, आमच्याकडे पोलीस राउडी शीट, म्हणजे नजर ठेवायची नोंद, गुंडांची उघडतात, माझा मुलगा सातवीत आहे हो!

मला समजलंय ते असं की बॉइस्टरस म्हणजे मजेतला दंगा, मनात खोट नसते, तर पोरांना तोच बरा. रॉकस मुख्यतः आवाजाला, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच घोगरा, म्हणजे क्लबहाऊसमधल्या पार्टीचं ते रात्रीचं खिदळणं (१० नंतर रहिवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल आहे पण सांगतो कोणाला). अनरूली म्हणजे कुणाला न जुमानणारा, त्यात आवाज हवाच असं नाही, विस्कटलेल्या केसांनाही चालतो.

आता अडलंय ते मोठ्यांपाशी. पार्किंगवरून वॉचमनच्या अंगावर ओरडत जाणाऱ्यांना ऑब्स्ट्रेपरस (आरडाओरडा करत कोणाचं न ऐकणारा) लिहू का डिसऑर्डरली (शांतता भंग करणारा)? पहिला डिक्शनरी उघडल्याशिवाय कोणाला कळणार नाही, दुसरा पोलीस केस वाटतो. आणि रॅमबंक्शस (उत्साहाच्या भरात धुडगूस घालणारा) नोटीसमधे फारच लाडिक होईल का? इंग्लिश शिकवणारं कोणी असेल तर प्लीज सांगा, उद्या संध्याकाळी बोर्डावर लावायचीये.