मदत हवी आहे: फुटबॉल टीमची १८ जणांची यादी उद्या द्यायची आहे, दादाला ठेवू की पोराला घेऊ?

डावा_पाय (रात्री ८:५२)
नमस्कार मंडळी, जरा पटकन उत्तर हवंय. उद्या दुपारी १२ पर्यंत यादी द्यायची आहे, एकदा दिली की मोसम संपेपर्यंत नाव बदलता येत नाही. सतरा नावं पक्की आहेत. अठराव्या जागेला दोघं आहेत. एक आमचा दादा (सगळे त्याला दादाच म्हणतात), वय ४१, सेंटर-फॉरवर्ड, टीम त्यानेच उभी केली, मागच्या मोसमात ६ गोल. दुसरा १९ वर्षांचा पोरगा, तोही फॉरवर्ड. पळायला लागला की कोणाच्या हाती लागत नाही, पण चेंडू पायात आला की मान वर करत नाही. कप्तान मी आहे. कोणाला घेऊ? कृपया "दोघांनाही घ्या" म्हणू नका, जागा एकच आहे.

कॉर्नर_फ्लॅग (८:५९)
११-११ की ७-७? सामना किती मिनिटांचा? बदली किती? बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_स्टॉपर (९:०४)
दादाला ठेवा, डोळे झाकून. १९९० च्या वर्ल्ड कपला कॅमेरूनचा फॉरवर्ड रॉजर मिला ३८ वर्षांचा होता. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झालेला, देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं म्हणून परत आला. चार गोल केले, दोन रोमानियाला, दोन कोलंबियाला, आणि चारही बदली म्हणून उतरून. कॅमेरून क्वार्टर फायनलला गेलं. तिथेही हाफ टाइमला उतरला आणि इंग्लंडला एक्स्ट्रा टाइमपर्यंत झुंजावं लागलं. म्हाताऱ्या फॉरवर्डला सुरुवातीला खेळवायचं नसतं, समोरचे दमले की सोडायचं असतं.

डावा_पाय (९:०९)
११-११ च, त्यात काय विचारायचं. ३५-३५ मिनिटं. बदली ५.

मधली_फळी (९:१३)
मिला जगात एक झाला, म्हणून तर ३६ वर्षांनीही त्याचंच नाव घेतो आपण. पोराला घ्या. मान वर न करणं शिकवता येतं, वेग शिकवता येत नाही. सरावात त्याला आठवडाभर चेंडूला फक्त दोनदा पाय लावायची परवानगी द्या, आपोआप बघायला लागेल. आणि ४१ वर्षांच्या माणसावर मोसम बांधलात तर पुढच्या वर्षी हाच धागा परत काढावा लागेल.

जुना_स्टॉपर (९:१९)
अनुभवी माणूस काढला की काय होतं ते बघा. २००१ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडने आपला सेंटर बॅक याप स्टामला इटलीच्या लाझिओला विकून टाकलं. सलग तीन वर्षं लीग जिंकलेली टीम त्या मोसमात तिसरी आली. त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन यांनी स्वतः नंतर ती चूक मान्य केली.

मधली_फळी (९:२२)
साहेब, हे तुमच्याच विरोधात जातंय. स्टाम गेला तेव्हा २९ वर्षांचा होता आणि त्याच्या जागी आणलेला लॉरां ब्लां ३५ चा. जवान काढून ज्येष्ठ आणला, तीच चूक होती.

कॉर्नर_फ्लॅग (९:२५)
बाहेर गेलेला परत येऊ शकतो का, याचं उत्तर राहिलं. मुद्दाम विचारतोय. फुटबॉलच्या नियम ३ मध्ये (खेळाडूंचा नियम) एरवी बाहेर गेला तो गेलाच. पण तळागाळातल्या, वयस्कांच्या आणि मुलांच्या स्पर्धांना परत येण्याची मुभा देता येते. तुमच्या आयोजकांनी दिली आहे का?

डावा_पाय (९:३१)
हो, येता येतं. मागच्या वर्षीही होतं. ५ जण बेंचवरून उतरू शकतात, ते कितीही वेळा आत-बाहेर.

कॉर्नर_फ्लॅग (९:३४)
मग हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! दादाला ७० मिनिटं पळायचंच नाहीये. १५ मिनिटं खेळेल, बाहेर बसेल, शेवटची १० परत येईल. वयाचा मुद्दाच निम्मा झाला. दादा म्हणजे हेडर, फ्री किक, पाठ लावून चेंडू धरून ठेवणं. तो पोरगा म्हणजे समोरच्यांच्या मागे पळणं. तुम्हाला जास्त गरज कशाची आहे? मागच्या मोसमात हरलात ते गोल होत नव्हते म्हणून की जास्त खात होता म्हणून?

पावसाळी_मैदान (९:४०)
४१ वय आहे म्हणून सांगतो, वॉर्म-अप नीट करून घ्या. फिफाचा "११+" नावाचा कार्यक्रम आहे, साधारण २० मिनिटांचा, तीन भागांत: आधी हळू पळणं, मग ताकद-तोल-उड्या, शेवटी वेगात पळणं. त्यातला हॅमस्ट्रिंगचा व्यायाम चुकवू नका: गुडघ्यांवर बसायचं, मागून जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. आठवड्यातून दोनदा तरी. मी ३४ व्या वर्षी मांडीचा स्नायू फाडून घेतला तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

डावा_पाय (९:४४)
धन्यवाद, पण वॉर्म-अपचं विचारलं नव्हतं. @कॉर्नर_फ्लॅग, ११ सामन्यांत २३ गोल केले, २१ खाल्ले.

गोलरेषा (९:४८)
२१? गोली किती आहेत यादीत?

डावा_पाय (९:५०)
एक. चांगला आहे. प्रश्न फॉरवर्डचा आहे.

गोलरेषा (९:५७)
नाही, प्रश्न इथेच आहे. १८ जणांत एकच गोली, आणि मोसमभर नाव बदलता येत नाही! नोव्हेंबर २०१९ मध्ये अटलांटाविरुद्ध मँचेस्टर सिटीचा गोली एडरसन हाफ टाइमला बाहेर गेला, त्याच्या जागी आलेल्या ब्राव्होला रेड कार्ड मिळालं आणि शेवटची मिनिटं काइल वॉकर गोलमध्ये उभा राहिला. राइट बॅक! २०२२ च्या आफ्रिका कपला कोमोरोसने कॅमेरूनविरुद्ध अख्खा सामना लेफ्ट बॅकला गोलमध्ये ठेवून खेळला, दुखापत आणि कोविडमुळे गोलीच उरले नव्हते. वर्ल्ड कपच्या यादीत तीन गोली सक्तीचे असतात ते उगाच नाही.

डावा_पाय (१०:०६)
खरं सांगायचं तर गेल्या वर्षी सेमी फायनलला आमच्या गोलीचं बोट निखळलं. विसावं मिनिट. आमचा राइट बॅक उभा राहिला. ग्लोव्हज त्याला मोठे होत होते, मनगटाची पट्टी दोनदा गुंडाळून टेप लावली. तिसरा गोल तीस यार्डांवरून, सरळ त्याच्या हातात आलेला चेंडू ग्लोव्हजमधून सटकून मागे गेला. त्याने त्यानंतर महिनाभर सरावाला येणं सोडलं होतं. पण तसं दर वर्षी थोडंच होतं.

गोलरेषा (१०:०८)
एकदा झालं ते पुरे नाही का? तो राइट बॅक परत आला हे तुमचं नशीब.

रविवार_सकाळ (१०:१२)
मला वाटतं तुम्ही सगळे अठराव्या नावावर उगाच डोकं लावताय. पहिले अकरा पक्के असले की बाकी चालतं. इंग्लंडच्या लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये लीग जिंकली तेव्हा जवळजवळ तेच अकरा दर आठवड्याला खेळवले. गोली श्मायकेल आणि कप्तान मॉर्गन तर लीगचं एकही मिनिट बाहेर बसले नाहीत. ८१ गुण, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा १० जास्त.

मधली_फळी (१०:१७)
लेस्टरला त्या वर्षी युरोपात खेळायचं नव्हतं, दोन्ही कपमधूनही लवकर बाहेर पडले. पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीग आली, त्यांचा मिडफिल्डर कांते चेल्सीला गेला आणि लीगमध्ये बारावे आले. त्याच मोसमात कांतेने चेल्सीकडून लीग जिंकली. एका माणसाची जागा किती मोठी असते ते तिथे दिसलं.

जुना_स्टॉपर (१०:२१)
मग मकेलेले पण घ्या. २००३ ला स्पेनच्या रियाल माद्रिदने बेकहॅम आणला आणि त्याच उन्हाळ्यात बचाव सांभाळणारा मिडफिल्डर मकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. रियाल त्या मोसमात चौथे आले. पुढचा लीगचा चषक थेट २००६-०७ ला.

मधली_फळी (१०:२६)
एकटा मकेलेले कारण नव्हता, डिफेंडर इयेरोही त्याच वर्षी गेला, मागे कोणी उरलंच नव्हतं. पण त्या वर्षातला माझा आवडता किस्सा फॉरवर्ड मोरिएंतेसचा. रियालने त्याला मोनॅकोला लोनवर दिलं. चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला समोर रियालच! पहिल्या सामन्यात गोल, दुसऱ्यातही गोल. दोन सामने मिळून ५-५, पण समोरच्याच्या मैदानावर मोनॅकोचे गोल जास्त म्हणून रियाल बाहेर, आणि मोनॅको पुढे फायनलपर्यंत गेलं. म्हणून @डावा_पाय, ज्याला सोडाल तो कुठे जाणार ते आधी विचारा.

डावा_पाय (१०:३०)
पोरगा दुसऱ्या टीमकडे जाईल. त्यांनी त्याला विचारलंय.

कॉर्नर_फ्लॅग (१०:३२)
अहो, हेही आत्ता सांगताय! आता सतराजण जागांप्रमाणे लिहा. नावं नकोत. कोण मागच्या वर्षी किती सामन्यांना आला तेही.

डावा_पाय (१०:४१)
गोली १. डिफेंडर ५ (राइट बॅक २, सेंटर बॅक ३). मिडफिल्ड ७. फॉरवर्ड ४. बहुतेक सगळे ११ पैकी ८-९ सामन्यांना होते. मिडफिल्डमधले दोघं फक्त ३-३ सामन्यांना आले, पण ते माझे शाळेपासूनचे मित्र आहेत, पहिल्या दिवसापासून टीममध्ये. त्यांचा विषय नको.

कॉर्नर_फ्लॅग (१०:४५)
विषय तोच आहे. सात मिडफिल्डर, त्यातले दोन येत नाहीत. गोली एक. लेफ्ट बॅक शून्य. आणि तुम्ही आम्हाला दोन फॉरवर्डांत निवड करायला लावताय. जो ११ पैकी ८ सामन्यांना आलाच नाही त्याची जागा रिकामीच आहे, फक्त तिच्यावर नाव लिहिलंय. तुमच्याकडे एक नाही, तीन जागा आहेत.

जुना_स्टॉपर (१०:४९)
इथे मात्र मी कॉर्नर_फ्लॅगच्या बाजूने. सरावाला आणि सामन्याला येणं ही पहिली पात्रता. पण मित्रांना यादी लागल्यावर कळू देऊ नका, आज रात्रीच स्वतः फोन करा.

डावा_पाय (१०:५५)
सोपं नाहीये हो. एकाच्या लग्नात मी सगळ्यात पुढे होतो. त्याला काय सांगू?

जुना_स्टॉपर (१०:५८)
जे आहे ते. "तू तीनदा आलास, मला गोली हवाय." याहून जास्त बोलू नका, कारणं वाढवली की भांडण वाढतं. मी दोनदा असे फोन केलेत. एकजण आजही माझ्याबरोबर खेळतो, एकाशी बोलणं थांबलं. तरी पहिल्या दिवशीच सांगितलं याचं समाधान आहे.

गोलरेषा (११:०३)
दुसरा गोली कुठून आणायचा तेही बघा. पूर्ण गोलीच पाहिजे असं नाही. उंच, हाताने चेंडू धरायची सवय असलेला आणि बेंचवर बसायची तयारी असलेला कोणी. त्याच्या मापाचे ग्लोव्हज मात्र आजच बघा.

पावसाळी_मैदान (११:०७)
बोट निखळलं होतं त्या गोलीने शेजारच्या बोटाला टेपने बांधून खेळावं. आणि टेप सांध्यावर नको, सांध्याच्या वर आणि खाली.

मधली_फळी (११:१०)
लेफ्ट बॅकचं कोणी बोलतच नाहीये. धागाकर्ते, तुमचं नाव "डावा_पाय" का आहे?

डावा_पाय (११:१४)
कारण डाव्या पायाचा आहे. पण मी मधे खेळतो, आठ वर्षं झाली. लेफ्ट बॅकला आमचा राइट बॅक उलट्या बाजूला उभा राहतो.

मधली_फळी (११:१८)
म्हणजे टीममध्ये डाव्या पायाचा माणूस आहे, कप्तान आहे आणि जिथे आधीच सातजण आहेत तिथे खेळतोय. २०१६-१७ चा अख्खा मोसम जेम्स मिल्नर लिव्हरपूलसाठी लेफ्ट बॅकला खेळला. मिडफिल्डर, तोही उजव्या पायाचा. टीम चौथी येऊन चॅम्पियन्स लीगला परतली. तुम्हाला तर पायही बदलायचा नाही.

डावा_पाय (११:३३)
विचार करतो.

डावा_पाय (दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:४६)
यादी दिली. दादा आहे, पोरगा आहे, दुसरा गोली आहे. आमच्या सेंटर बॅकचा धाकटा भाऊ, बास्केटबॉल खेळतो, उंच आहे, बेंचवर बसायला तयार झाला. पोराला रात्रीच सांगितलं, तो दुसरीकडे जात नाहीये. दोन मित्रांपैकी एकाने फोनवर ऐकून घेतलं, म्हणाला शिफ्ट बदलल्यापासून मलाच जमत नव्हतं, सांगायला संकोच वाटत होता. दुसऱ्याने फोन उचलला नाही. सकाळीही उचलला नाही. निरोप टाकलाय, संध्याकाळी घरी जाईन.

रविवारी लेफ्ट बॅकला मी. आता जे त्या जागेवर खेळले आहेत त्यांनी सांगा: समोरचा विंगर उजव्या पायाचा आहे, रेषेने पळतो. त्याला अंगाला चिकटून धरू की अंतर ठेवू?

जुना_स्टॉपर (११:५२)
वेगात तुमच्यापेक्षा पुढे असेल तर दीड-दोन मीटर अंतर. अंग तिरकं, आतला रस्ता बंद, त्याला रेषेकडेच जाऊ द्या. चेंडू त्याच्या पायापासून सुटेपर्यंत पाय घालू नका. आणि डाव्या बाजूच्या सेंटर बॅकला सामन्याआधीच सांगा की तुमच्या मागे त्याने यायचंय.

कॉर्नर_फ्लॅग (११:५५)
विंगर किती वर्षांचा आहे? पूर्ण सामना खेळतो की तोही आत-बाहेर होतो?