नॉटिलसचं सर्पिल सुवर्ण नाही
वरच्या एका पोस्टमध्ये कुणीतरी नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखाला ‘सुवर्ण सर्पिल’ म्हटलंय, म्हणजे दर पाव वेढ्याला सुवर्ण गुणोत्तराने (सुमारे १.६१८ पट) रुंदावणारं वळण. सर्पिल लॉगरिदमिक (दर वेढ्याला ठरावीक पटीने वाढणारं) आहे हे मान्य, पण सुवर्ण नाही. सुवर्ण सर्पिल दर पूर्ण वेढ्याला केंद्रापासून सुमारे ६.८५ पट लांब जातं, नॉटिलसचं साधारण तिप्पटच. उभ्या कापलेल्या शंखाच्या फोटोवर केंद्रातून पट्टी लावून बघा, लगेच दिसेल.

फिबोनाचीचे आकडे (१, १, २, ३, ५, ८, १३… प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) हवेच असतील तर अननस आणा. डोळ्यांच्या तिरक्या रांगा बहुधा एका दिशेने ८ आणि दुसऱ्या दिशेने १३ भरतात. स्केचपेनने खुणा करत मोजा, नाहीतर सुरुवात कुठून केली तेच कळेनासं होतं. तिथे प्रत्येक नवा डोळा आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर फुटतो, म्हणून हे आकडे येतात. शंखात असलं काही नाही. प्राणी वाढतो तसं तोंड रुंदावतं, एवढंच.